शिशाचा साचा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या आम्हां मंडळींना वितळलेल्या धातूचे नवल वाटत नाही. येथे भंगार येते, विजेच्या भट्टीत त्याचा रस होतो आणि त्यातून घरबांधणीच्या सळया निघतात. लोखंड वितळण्यास 1538 अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून भट्टीपाशी जाणारा दहा वेळा विचार करतो. शिसे मात्र 327 अंशांवरच पाघळते. घरातील शेगडीही त्याला पुरते. शिशाचा खरा धोका त्याच्या ह्या गरीब स्वभावातच आहे, असे आम्हांस वाटते.

हा विचार मनात आला तो एका वारशामुळे. आमचे आजोळ सावंतवाडीकडचे. रानडुकरांपासून शेती राखण्यासाठी तिकडच्या शेतकऱ्यांना ठासणीच्या बंदुकीचे परवाने मिळत आले आहेत. आमच्या मामांकडे तशी बंदूक होती. मामा निवर्तल्यावर ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा झाली. मात्र सांडशीसारखा एक लोखंडी साचा आईकडे आला. मामा पळीत शिसे वितळवीत, साच्याच्या भोकातून ओतीत, क्षणभर थांबून साचा उघडीत आणि चकाकणारी गोळी खाली पडे. वर राहिलेले शेपूट ते कापून काढीत.

आमचा धाकटा मुलगा येथील एका कारखान्यात फिटर आहे. साचा पाहताच त्याचे कुतूहल जागे झाले. गोळीच्या मापाची विद्या त्याने पुस्तकांतून समजून घेतली आणि आम्हांलाही समजावली. आपल्याच जालना जिल्ह्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. तेव्हाच्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असे व गोळी तिच्याहून बारीक, म्हणून ती झटपट भरता येई. पण नेम कच्चा राही. पुढे रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा आल्या. मागून भरावयाच्या जुन्या रायफलींत शिशाची गोळी खाचांच्या मापाहून केसभर जाड असावी लागते, तरच ती खाचांत घट्ट बसून फिरत जाते. जुन्या नळ्यांची मापे एकसारखी नसतात. म्हणून परदेशांतील हौशी लोक आजही गोळ्या घरी ओततात आणि पोलादी कड्यातून दाबून काढून हव्या मापाच्या करतात. नुसते शिसे मऊ. कठीणपणासाठी त्यात अँटिमनी आणि साचा नीट भरावा म्हणून कथील घालतात. छापखान्यातील खिळ्यांचा धातूही ह्याच तिघांचा. खिळ्यांची छपाई मागे पडल्यावर कित्येकांनी ती अक्षरे वितळवून गोळ्या केल्या, हे ऐकून आम्हां वाचनवेड्यांचे मन खिन्न झाले.

"बाबा, एकदाच ओतून पाहू का? जुन्या बॅटरीतले शिसे मिळेल," मुलाने विचारले. आम्ही नाही म्हटले. पहिले कारण कायद्याचे : 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा बनविण्यास परवाना लागतो. दुसरे कारण त्याहून जवळचे, आमची दीड वर्षाची नात. वितळलेल्या शिशावर करडी साय धरते. ती काढताना तिची भुकटी हातांना, कपड्यांना, फरशीला लागते. बॅटरीच्या भंगाराची धूळ तर आणखी घातक. रांगते मूल फरशीवरचा हात तोंडात घालते, आणि पोटात गेलेले शिसे लहान मुलाच्या अंगात मोठ्यांच्या चौपट-पाचपट भिनते. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालते. शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात पेट्रोलमधील शिसे 2000 साली बंद झाले ते ह्याच भीतीने. जे रस्त्यावरून हद्दपार केले, ते आपण होऊन स्वयंपाकघरात कसे आणावे?

मुलाने ऐकले. आई मात्र कष्टी झाली. "भावाच्या हाताची एवढीच खूण उरली आहे रे," ती म्हणाली. तिला दुखविण्याचे बळ आम्हांस नव्हते. साचा काही दिवस कपाटावर तसाच राहिला. मग एका सकाळी पणती त्या कपाटाच्या दाराला धरून उभी राहताना आईने पाहिली. तिने साचा फडक्यात गुंडाळला, धाकट्याच्या हाती दिला आणि म्हणाली, "घेऊन जा. तुमच्या भट्टीत टाक. कुणाच्या तरी घराची सळई होऊ दे त्याची."

तो साचा आता कोणत्या भिंतीत आहे, कोण जाणे. त्या रात्री आईने मामांच्या नावाने एक 'आमच्या बापा' अधिक म्हटला, आणि पणतीला जवळ घेऊन ती स्वस्थ झोपी गेली.