पोच म्हटले, पण कोणते?

आजारी माणसाची सेवा एक वेळ सोपी, पण आजारातून उठलेल्या माणसाला चार घास खाऊ घालणे अवघड. औषधाच्या वेळा डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात. ताट पुढे सारून ‘नको’ म्हणणाऱ्या माणसापुढे मात्र कोणतीच चिठ्ठी चालत नाही.

दक्षिण कोलकात्यातील एका मराठी घरात असेच झाले. आई गेल्यावर मुलाने वडिलांना साताऱ्याहून आपल्याकडे आणले. वय चौऱ्याहत्तर, नुकताच न्यूमोनिया होऊन गेलेला. वजन उतरलेले, कवळी सैल झालेली. डॉक्टरांनी तपासून सांगितले, “प्रथिने वाढवायला हवीत. रोज एक अंडे द्या. तळून नको, पोच करून द्या.”

सुनेने स्वयंपाकाला येणाऱ्या बंगाली मावशींना तसे बजावले. मावशींनी मान डोलावली. सकाळी साडेआठला ऑफिस गाठायच्या घाईत सुनेने त्यानंतर चौकशी केली नाही. काम सोपवले म्हणजे ते झाले, असे घाईतल्या माणसाला वाटते.

आठ दिवसांनी तिला थोडा उशीर झाला, म्हणून सासऱ्यांची ताटली तिच्या दृष्टीस पडली. तेलात चकाकणारे, कडेने कुरकुरीत तपकिरी झालेले अंडे! मधला भाग तेवढा खाल्लेला, बाकीचे तसेच.

“मावशी, पोच करायला सांगितले होते ना?”

“मग हे काय? रोज पोचच तर करते!”

मावशी खोटे बोलत नव्हत्या. शेजारच्या बंगाली आजींनी हसत हसत उलगडा केला. बंगालमध्ये ‘पोच’ म्हणजे तव्यावर तेलात न उलटता भाजलेले अंडे. पाण्यात शिजवलेले हवे असेल तर ‘जल पोच’ म्हणावे लागते.

“बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?” सुनेने विचारले.

“तुम्ही सगळे गडबडीत असता. त्यात माझे आणखी काय सांगायचे?” सासरे म्हणाले.

हे उत्तर तिला दिवसभर टोचत राहिले. आठ दिवस म्हातारा माणूस कडेचा चिवट भाग चावता येत नाही म्हणून अर्धपोटी उठत होता, आणि घरात कोणाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गॅसपाशी उभी राहिली. पातेल्यात पाणी खळखळा उकळले, अंडे फोडले आणि बघता बघता पांढऱ्या चिंध्याच चिंध्या झाल्या! पिवळा बलक तळाशी जाऊन बसला. आजी पुन्हा मदतीला आल्या.

पहिली गोष्ट अंड्याच्या ताजेपणाची. ताज्या अंड्याचा पांढरा बलक घट्ट असतो. अंडे जुने होते तसा कवचाच्या बारीक छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि बलक पातळ होत जातो. भांडेभर पाण्यात अंडे सोडावे. तळाशी आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर वापरू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. पांढरा बलक साठ-पासष्ट अंश सेल्सिअसपासूनच गोठू लागतो, मग उकळ्यांची गरज काय? उसळत्या पाण्यात तो फाटतो. चार बोटे पाणी घ्यावे, तळाशी बारीक बुडबुडे दिसू लागले की गॅस मंद करावा. चमचाभर व्हिनेगर घातले तर बलक लवकर आवळून येतो. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस चालतो.

तिसरी गोष्ट हाताची. अंडे थेट पातेल्यात न फोडता आधी बारीक गाळणीत फोडावे. पातळ भाग खाली गळून जातो, चिंध्या होतात त्या त्याच्याच. उरलेले अंडे वाटीत घेऊन, वाटी पाण्याला टेकवून अलगद सोडावे. तीन-चार मिनिटांत पांढरा भाग घट्ट होतो आणि आत पिवळा बलक मऊ राहतो. पण वृद्ध, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि आजाऱ्यांसाठी आणखी दोन-तीन मिनिटे ठेवून पिवळा बलकही घट्ट होऊ द्यावा, कारण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते. मग झाऱ्याने उचलून पाणी निथळू द्यावे.

ज्यांना ही कसरत नको, त्यांनी वाटीला तेलाचे बोट फिरवून त्यात अंडे फोडावे आणि झाकण ठेवून वाफवावे. इडलीपात्रही चालते. एका वेळी चार-सहा अंडी होतात, शिवाय मुलांना तो आकार आवडतो. पारशी घरांत शिजलेल्या भेंडीवर किंवा टोमॅटोवर अंडी फोडून झाकण ठेवतात. ‘पर ईडु’ म्हणतात ते हेच. तीही वाफेचीच करामत.

तिसऱ्या दिवशी सुनेचे अंडे जमले. पांढरेशुभ्र, गोल, मऊ. वर मीठ-मिरपूड, सोबत कडा काढलेला पाव. सासऱ्यांनी अर्धे खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

“छान झाले आहे. पण आजाऱ्याचे वाटते,” ते म्हणाले. मग थोडे थांबून, “तुझ्या सासूबाई रश्श्यात सोडायच्या अंडी. उकडायच्या नाहीत, फोडूनच सोडायच्या.”

सून त्यांच्याकडे पाहत राहिली. सासूबाई गेल्यापासून त्यांनी आपण होऊन त्यांचे नाव काढले नव्हते.

रविवारी तिने कांदा, सुके खोबरे आणि लसूण भाजून वाटण केले. चमचाभर तेलात पातळसर, बेताचा तिखट रस्सा उकळला. सासरे काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“गॅस बारीक कर. आता सोड. एकमेकांना चिकटतील असे नको. आणि ढवळू नकोस हं, ती कधी ढवळायची नाही. झाकण ठेव.”

सात-आठ मिनिटांनी झाकण काढले तेव्हा रश्श्यावर चार अंडी पांढऱ्या ढगांसारखी जमली होती. म्हणजे सासूबाई साताऱ्याच्या चुलीवर वर्षानुवर्षे पोचच करत होत्या. फक्त त्याला त्या ‘फोडून सोडलेली अंडी’ म्हणत. मावशींनी वाकून पाहिले आणि आपल्या वहीत त्याची कृती बंगालीत उतरवून घेतली.

सासऱ्यांनी भाकरी रश्श्यात कुस्करली. एक अंडे संपले तेव्हा त्यांनी ताट पुढे केले.

आता सून पंधरा मिनिटे लवकर उठते. रोजचे अंडे कधी पाण्यातले, कधी वाफेवरचे, रविवारी मात्र रश्श्यातलेच. मावशी येतात, करतातही, पण सासऱ्यांचे ताट वाढल्यावर ती चहाचा कप घेऊन समोर बसते. महिन्याने डॉक्टरांच्या काट्यावर सासऱ्यांचे वजन दीड किलोने वाढलेले दिसले.

“काय देता यांना?” डॉक्टरांनी विचारले.

“पोच,” सून म्हणाली. आणि लगेच दुरुस्त केले, “जल पोच.”