चौकुळचा चतुर

बेळगावहून वेंगुर्ला रस्त्याने निघालं की शिनोळीला राज्याची हद्द लागते. पुढे चंदगड तालुक्यातली उसाची शेतं आणि काजूच्या बागा मागे टाकत आपण आंबोली गाठतो. बहुतेक मंडळी धबधब्याखाली भिजतात, कणीस खातात आणि परततात. वेळ असेल तर तिथून थोडं आत, चौकुळला जरूर जा. सड्यावरचं साधं गाव, पण २०२२ पासून त्याचं नाव कीटकशास्त्रात नोंदलं गेलं आहे.

इथे सापडलेल्या एका नव्या चतुराचं नाव आहे बर्मागोम्फस चौकुलेन्सिस. शंतनू जोशी, दत्तप्रसाद सावंत, हेमंत ओगले आणि कृष्णमेघ कुंटे यांनी ते ठेवलं. नाव अवघड वाटतं खरं, पण रीत आपल्या घरचीच. पुढचा शब्द कुळाचा, मागचा गावाचा. मराठीत आपण त्याला ‘चौकुळकर’ म्हटलं असतं. हुक्केरी-अथणीकडच्या मंडळींना तर ‘कर’चीही गरज नाही, नुसतं गावाचं नाव लावलं की आडनाव झालं!

चतुराला आपली मुलं हेलिकॉप्टर म्हणतात, कन्नडमध्ये तो ‘एरोप्लेन चिट्टे’. त्याची नाजूक भावकी म्हणजे टाचणी. बसताना चतुर पंख पसरून ठेवतो, बहुतेक टाचण्या ते पाठीवर मिटतात. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, तर चतुराचे मोठे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतात. मात्र चौकुळचा पाहुणा इथे फसवतो. त्याच्या कुळात डोळे टेकत नाहीत, मध्ये अंतर राहतं. नियम पाठ करून गेलेल्याची पंचाईत!

मग नवी जात ओळखायची कशी? हे भाऊ-भाऊ दिसायला सारखे. छातीच्या बाजूवरचे पिवळे-काळे पट्टे ताडून पाहावे लागतात. त्याहून महत्त्वाचं नराच्या शेपटीचं टोक. तिथल्या चिमट्यासारख्या अवयवांनी तो मादीला धरतो आणि प्रत्येक जातीत त्यांची घडण वेगळी असते. आपण लहानपणी याच शेपटीला दोरा बांधून चतुर उडवायचो! फ्रेझर या लष्करी डॉक्टरने १९३३ ते १९३६ या काळात भारतातल्या चतुर-टाचण्यांवर तीन खंड लिहिले. आजही नवी जात सांगायची तर आधी ते उघडावे लागतात.

पण पुस्तकात नाव आलं म्हणजे जीव सुरक्षित झाला असं नाही. उडणारा चतुर म्हणजे त्याच्या आयुष्याचा शेवटचा, थोडक्या दिवसांचा भाग. त्याआधी तो पाण्यात वाढतो. या कुळातली पिल्लं ओढ्याच्या वाळूत, गाळात स्वतःला पुरून घेतात आणि लहानसहान जलचर खाऊन मोठी होतात. सुशोभीकरण म्हणून ओढ्याचा तळ सिमेंटने बांधला, वाळू उपसली किंवा गाड्या पात्रातच धुतल्या, तर वर हिरवंगार दिसत असूनही खाली पाळणाघर मोडलेलं असतं. याच आंबोलीच्या डोंगरातून निघालेली हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरला आपल्या जिल्ह्यात येते, हेही ध्यानात असू द्यावं.

जाल तेव्हा पावसाने उघडीप दिलेली सकाळ निवडा. काठावर स्वस्थ बसा. हाकलला तरी चतुर बहुधा फिरून त्याच काटकीवर येऊन बसतो. डोळे टेकलेत की नाही, तेवढं मुलांना पाहू द्या. जाळं, दोरा घरीच ठेवा.