उत्तरेकडची पट्टी

इरुंगाट्टुकोट्टैला आमच्या घराच्या उत्तरेला सहा फूट रुंद आणि वीस फूट लांब अशी मातीची पट्टी आहे. एकीकडे दोन मजली घराची भिंत, दुसरीकडे कुंपणाची भिंत आणि एका टोकाला तिच्यावरून आत वाकलेला शेजारच्या अक्कांचा कडुनिंब. चेन्नई-बंगळुरू हमरस्त्यावरचं हे गाव मोटारींचं. ह्युंदाईचा कारखाना इथे 1998 पासून आहे आणि शर्यतींचा ट्रॅक त्याच्याही आधी, 1990 पासून. नवरा सुट्या भागांच्या एका कारखान्यात आहे, म्हणून आम्ही चाकणहून इथे आलो.

त्या पट्टीत मी दोन वर्षं टोमॅटो, भेंडी, वांगी लावली. रोपं फिकट आणि बारीक व्हायची, उजेडाकडे माना काढायची आणि फूल धरण्याआधीच आडवी पडायची. ही जागा कामाची नाही असं ठरवून मी तिथे जुन्या बादल्या ठेवल्या.

आई गेली, त्यानंतरच्या फेब्रुवारीत मी आप्पांना गुहागरहून घेऊन आले. आगर चुलतभावाच्या हवाली केलं. मुलीच्या घरी कायमचं राहायचं हे त्यांना पटत नव्हतं. "चार दिवस येतो, बाय," एवढंच म्हणाले. कपाटातले दोन खण मी त्यांच्यासाठी रिकामे केले होते. पण त्यांची बॅग पलंगाखालीच राहिली. रोजचे कपडे ते तिच्यातून काढायचे आणि धुऊन वाळले की घडी करून परत तिच्यातच ठेवायचे. मी काही बोलले नाही. बोलले तर ते तिकीट काढायला सांगतील, अशी भीती होती.

मार्चमध्ये ऊन तापू लागलं, तसे ते बादल्या बाजूला सारून पट्टीत खुर्ची टाकून बसू लागले. दर रविवारी दुपारी बाराला घराची सावली जिथे संपते तिथे फरशीचा एक तुकडा ठेवायचे. तुकडे भिंतीकडे सरकत आले. एप्रिल संपताना म्हणाले, "इथे सूर्य आपल्या आधी डोक्यावर येतो गं." खरंच होतं. गुहागरला तो मेच्या दुसऱ्या आठवड्यात माथ्यावर येतो, इथे एप्रिलच्या अखेरीस. तिथून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो आणि वर्षभर सावलीत असलेल्या या पट्टीला तेवढे दिवस थोडं ऊन मिळतं. दोन वर्षं इथे राबून मला ते दिसलं नव्हतं.

"तू झाडं चुकीची लावलीस," ते म्हणाले. "फळ धरायला ऊन लागतं. पान नि कंद सावलीतही होतात." मग कितीतरी दिवसांनी ते सलग बोलले. आगरात वर नारळ, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरवेल, त्याखाली केळ, अननस, हळद, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर अळू. ज्याला जेवढा उजेड लागतो, त्याला तेवढ्या उंचीची जागा. रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र नारळाच्या सावलीत जायफळ, दालचिनी, मिरी लावायला सांगतं आणि त्याला लाखी बाग म्हणतं. आप्पांच्या मते त्यात नवं एवढंच, की आता त्याला नाव मिळालं.

मेमध्ये आम्ही सुरुवात केली. बाजारातून सेप्पंकिळंगु, म्हणजे अळकुड्या, आणल्या आणि कोंब फुटलेल्या तेवढ्या पुरल्या. हळदीचं बेणं अक्कांनी दिलं. त्या आप्पांना सहज 'अप्पा' म्हणू लागल्या, कारण तमिळमध्येही वडिलांना तेच म्हणतात. भाषा येत नसूनही त्या एका शब्दावर दोघांचं बरंच निभावलं.

जुलैत अळू वर आलं. पहिल्याच फतफत्यानं आम्हा सगळ्यांचे घसे खवखवले. आमसुलं संपली होती. अक्कांनी कुंपणावरून चिंच दिली आणि दुसऱ्या खेपेला ते निभावलं. त्यांच्या घरी कंद खातात. आम्ही पानं खातो हे बघून त्या हसल्या. मग ठरूनच गेलं, पानं आमची, कंद त्यांचे. गणपतीत हळदीच्या पानांवर तांदळाच्या पिठीच्या पातोळ्या वाफवल्या. आई गेल्यापासून आमच्याकडे त्या झाल्या नव्हत्या. आप्पांनी दोन खाल्ल्या आणि ते उठून बाहेर पट्टीत जाऊन बसले.

कोकणात ऑक्टोबरमध्ये पाऊस संपतो. इथे तेव्हा खरा सुरू होतो. हे मला माहीत होतं, पण आप्पांना सांगायचं राहून गेलं. नोव्हेंबरात दोन रात्री धो धो पाऊस पडला. सावलीतली माती, वाळणार कशी? पट्टीत पाणी साचलं आणि हळदीची अर्धी ओळ पिवळी पडून कुजली. आप्पा भर पावसात कुदळ घेऊन पाट काढत होते. मी आत चला म्हणून ओरडले, त्यांनी ऐकलं नाही. संध्याकाळी म्हणाले, "इथला पाऊस मला कळला नाही." मला वाटलं, आता तिकीट काढायला सांगणार. त्यांनी विचारलं, "लाल माती कुठे मिळते? पुढच्या वेळी गादीवाफा करायला हवा."

पोंगलला अक्कांच्या मडक्याभोवती बांधलेली हळद आमच्या पट्टीतली होती, पाना-मुळांसकट. त्यांनी त्या दिवशी एक अननस आणून दिला. त्या अन्नासि म्हणाल्या, आम्ही अननस. शब्द दोघांकडेही पोर्तुगिजांकडून आलेला. आप्पांनी शेंडा मुरगळून काढला, चार दिवस कोरडा होऊ दिला आणि पट्टीच्या मोकळ्या टोकाला लावला.

"फळ कधी धरेल?" मी विचारलं.

"उन्हात दीड-दोन वर्षं. इथे अजून उशीर."

मी पुढे काही विचारलं नाही.

फेब्रुवारीत हळदीचं राहिलेलं बेणं ठेवायला त्यांना अंधारी, कोरडी जागा हवी होती. वाळूचं घमेलं घेऊन खोलीत आले आणि पलंगाखाली वाकून म्हणाले, "बाय, ही बॅग माळ्यावर टाक. इथे बेणं ठेवायचंय." मी बॅग ओढली. ती रिकामी होती.