मुलाखतीपुरती खुर्ची

दुकानातल्या नोकरीत खुर्ची मिळते ती मुलाखतीपुरती. मॅनेजर ‘बसा’ म्हणतात, पाणी विचारतात आणि मग ठरलेला प्रश्न टाकतात : गिऱ्हाईक चिडलं तर काय कराल? शांतपणे ऐकून घेईन, सॉरी म्हणेन. हे उत्तर येणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतं, मलाही होतं. दिवसभर उभं राहता येईल का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पुण्यातल्या त्या कपड्यांच्या दुकानात मी लागले ती ऐन दिवाळीच्या तोंडावर. दुपारपर्यंत पोटऱ्यांचे दगड झाले. जुन्या ताईंनी युक्ती शिकवली : ट्रायल रूममधून परत आलेले कपडे आधी खालच्या फळीवर लावायला घ्यायचे, म्हणजे तेवढंच उकिडवं बसता येतं. त्यामुळे आमच्या दुकानातली खालची फळी कायम टापटीप असे. गर्दी नसलेल्या दुपारी एखादी मुलगी खोक्यावर टेकली, की लगेच वरून फोन यायचा, ‘कॅमेऱ्यात दिसतंय.’

माझे मामा लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात होते. तिथे पांढरी गादी असे. गिऱ्हाईक बसलेलं, साड्या दाखवणारे मामाही बसलेले. त्यांची मुलाखत पाच मिनिटांत आटोपली होती. मालकांनी मोडलेली नऊवारी पुढे टाकली आणि म्हणाले, घडी घाल. जुन्या मोडीवर घडी बसली, नोकरी पक्की. मला ही परीक्षा जास्त सरळ वाटते. जे काम करायचं तेच करून दाखवायचं, गोड बोलण्याचे मार्क नाहीत. अर्थात गादीवरही हिशेब चुकला की बोलणी खावी लागतच.

केरळात कोळिकोडच्या बाजारात दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला. पी. विजी आणि त्यांची ‘पेनकूट्टू’ ही संघटना त्यात पुढे होती. सुरुवात तर त्याहूनही साध्या मागणीपासून झाली होती : स्वच्छतागृह. ते नाही, म्हणून दिवसभर पाणीच कमी प्यायचं, हा हिशेब कोणत्याही गावच्या सेल्सगर्लला समजावून सांगावा लागत नाही. अखेर 2018 मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि काम करणाऱ्यांना बसायची सोय देणं मालकांवर बंधनकारक झालं. 2021 मध्ये तमिळनाडूनेही तशीच दुरुस्ती केली. ढुंगण टेकण्यासाठी विधानसभेपर्यंत जावं लागलं!

मालकांचं म्हणणं असतं, की बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी दिसतो. असेलही. पण बँकेतला कॅशियर बसून नोटा मोजतो, डॉक्टर बसून नाडी बघतात, वकील बसून फी सांगतात, आणि तेव्हा आपल्याला काही खटकत नाही. बनियनचा साइझ काढून देणारा तेवढा आपल्याला उभा लागतो.