एक कॉम्प्युटर, दोन विद्या

बारावीचे निकाल लागले की आमच्या चेणे गावात माझ्याकडे चौकशा सुरू होतात: कमी पैशांत कॉम्प्युटर कोणता घ्यावा? मी घरच्या घरी आगरी-कोळी गाणी रेकॉर्ड करतो, हळदीची, लग्नाची, देवीची. त्यामुळे मला यातलं कळतं असं गावानं ठरवून टाकलं आहे. या वर्षी शेजारच्या घरातून आलेला प्रश्न मात्र जरा वेगळा होता. थोरली मुलगी उपयोजित कला शिकायला निघालेली, धाकटा ढोलकी वाजवणारा आणि स्वतःची गाणी बसवणारा. ऐपत एकाच मशीनची. दुकानदारानं ‘आय सेव्हन घ्या, दोघांचं भागेल’ असं सांगून मोकळं केलं होतं.

असं भागत नाही. या दोन विद्या कॉम्प्युटरकडे वेगवेगळी मागणी करतात, आणि कमी पैशांत दोघींचं समाधान करायचं तर कोणाला नेमकं काय हवं आहे ते आधी समजून घ्यावं लागतं.

रेकॉर्डिंगला फार ताकदीचं मशीन लागतं, ही समजूत मला सगळ्यात आधी मोडून काढावीशी वाटते. हिशेब साधा आहे. सेकंदाला ४८ हजार सॅम्पल आणि २४ बिटनं एक मोनो ट्रॅक घेतला तर मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते. ढोलकी, बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, गायक, कोरस असे आठ ट्रॅक एकदम चालले, तरी मिनिटाला सत्तर एमबी, तासाला चार जीबीच्या थोडं वर. एवढा माल जुनी हार्ड डिस्कही सहज लिहिते. रेकॉर्डिंगला हवा असतो वक्तशीरपणा. साउंड कार्डाकडून आवाज तुकड्यातुकड्यांनी आत येतो. १२८ सॅम्पलचा तुकडा म्हणजे पावणेतीन मिलिसेकंद. तेवढ्यात कॉम्प्युटरनं तो उचलून, त्यावरचं काम संपवून बाहेर द्यायचा. त्याच क्षणी वायफायचा ड्रायव्हर किंवा एखादं अपडेट मध्ये आडवं आलं, तर टेकमध्ये ‘टक्’ असा आवाज बसतो. मग मशीन कितीही महाग असो. तुकडा वाढवून १०२४ केला तर टकटक थांबते, पण जाता-येता मिळून चाळीसच्या वर मिलिसेकंदांचा उशीर होतो. ढोलकीवाल्याला हेडफोनमध्ये स्वतःची थाप चौदा मीटर लांबून आल्यासारखी ऐकू येते, आणि लय बसत नाही.

यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय कॉम्प्युटरच्या बाहेर आहे. चांगल्या साउंड कार्डावर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं. त्यानं माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट कानात येतो, उशीर जवळजवळ शून्य. विंडोजवर त्या कार्डाच्या कंपनीनं स्वतः दिलेला एएसआयओ ड्रायव्हर असावा. ही पद्धत स्टाइनबर्गनं काढली आणि आजही विंडोजवरचं रेकॉर्डिंग तिच्यावरच चालतं. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला अजिबात वापरू नयेत. त्यांचा उशीर मिलिसेकंदांच्या शेकड्यात जातो.

दुसरी मागणी शांततेची. चेण्यात राहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, पुढे खाडी, आणि मधून घोडबंदर रस्ता. गुजरातकडे जाणारे ट्रेलर गायमुखचा घाट चढताना गिअर बदलतात, ते घरात ऐकू येतं. पावसाळ्यात पत्र्यावर सर पडली की टेक गेलाच. बाहेरचं हे सगळं आपल्या हातात नाही. म्हणून आतला पंखा तरी गप्प असावा. गेमिंगचा लॅपटॉप रेकॉर्डिंगला नको म्हणतो तो याचसाठी: ताण आला की त्याचे पंखे घोंघावतात, आणि कंडेन्सर माइक तो घोंघाट इमानदारीनं टिपतो. माइक सावकाशीनं निवडा. चेण्यासारख्या ठिकाणी तोंडाजवळ धरायचा डायनॅमिक माइक, म्हणजे एसएम ५८ च्या जातीचा, महागड्या कंडेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तो समोरचं ऐकतो आणि मागचं बरंचसं सोडून देतो. डेस्कटॉप घेतला तर कॅबिनेट शेजारच्या खोलीत ठेवून माइकची लांब एक्सएलआर केबल दाराखालून आणावी. ती बॅलन्स्ड असते, त्यामुळे पंधरा-वीस मीटरनंही काही बिघडत नाही. यूएसबीच्या साध्या केबलला हे जमत नाही, ती पाच मीटरच्या पुढे नेऊ नये. खिडकीवर दोन गोधड्या टाकल्या की घरगुती स्टुडिओ उभा राहिला.

आता थोरलीचं काम. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, आणि तिथे व्यावसायिक कलेचा वेगळा विभाग १९३५ मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आजपर्यंत या शिक्षणाची सुरुवात हातानेच होते: अक्षरलेखन, निसर्गचित्र, रंगांच्या पट्ट्या, कागदाच्या घड्या. विंडोजमधला मंगल फॉन्ट घडवणारे र. कृ. जोशी हे आधी बोरूच्या अक्षरांतले मोठे कलावंत होते, हे या मुलांना मी आवर्जून सांगतो. पहिल्या वर्षी मशीनवर फारसा भार नसतो. तो नंतर येतो, आणि येतो तेव्हा मेमरीवर येतो. ए थ्री आकाराचं एक पान ३०० डीपीआयला उघडलं की पावणेदोन कोटी बिंदू होतात. छपाईच्या चार रंगांत त्याचा एक भरलेला लेअर सत्तर एमबीचा. असे वीस लेअर, वर अनडूची साठवण, शेजारी ब्राउझर उघडा. आठ जीबी रॅम इथेच संपते. आपल्याकडे हळदीचा आणि वाढदिवसाचा फ्लेक्स करणारी पोरं तर दहा बाय आठ फुटांची फाईल उघडतात. ७२ डीपीआयला धरली तरी तिचा एक लेअर दोनशे चाळीस एमबीच्या घरात जातो.

म्हणून १६ जीबीच्या खाली येऊ नये, आणि त्या आठ-आठच्या दोन पट्ट्या असाव्यात. याचं कारण दुकानात कोणी सांगत नाही. वेगळं ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनमध्ये चित्र दाखवणारा भाग हीच रॅम वापरतो. दोन पट्ट्या असल्या की दोन वाटा उघडतात आणि त्याचा वेग चांगलाच वाढतो. एकच पट्टी टाकून ‘दुसरी नंतर घ्या’ म्हणणारा दुकानदार स्वतःचं कोटेशन स्वस्त दाखवत असतो. मदरबोर्ड मात्र चार खाचांचा घ्यावा, म्हणजे तिसऱ्या वर्षी थ्रीडीचा विषय आला तर आधीच्या पट्ट्या न काढता आणखी दोन बसतात. २०२५ च्या अखेरीस डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीचे भाव भडकले, तेव्हापासून या सल्ल्याचं महत्त्व वाढलं आहे.

स्क्रीनकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ नेहमीच्या एसआरजीबी रंगांपैकी साधारण दोन तृतीयांशच तो पडदा दाखवू शकतो. हळदीचा पिवळा त्यावर मळकट दिसतो, मुलगी तो उजळ करत नेते, आणि छापून आल्यावर डोळे दिपतात. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ असं लिहिलेला आयपीएस पडदाच बघावा. त्या मुलीच्या वडिलांना मी म्हटलं, ‘दादा, प्रोसेसरातले पैसे वाचवा आणि मॉनिटरला द्या. चार वर्षं ती त्याच्याकडेच बघत बसणार आहे.’

(जाता जाता: काही प्रोग्राममध्ये मराठी टाईप करताना वेलांट्या भलतीकडे गेल्या, जोडाक्षरं तुटली, तर मशीनला दोष देऊ नये. टाईपच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय चालू करायचा असतो.)

प्रोसेसरच्या नावाला भुलू नका, हेही सांगायला हवं. ‘आय फाइव्ह’ म्हणजे काहीच सांगितल्यासारखं नाही. तो कोणत्या पिढीचा, हे विचारावं. रायझन ५ ७५२०यू हे नाव ऐकायला नवं, पण त्याच्या आतली घडण झेन २ ची, कितीतरी आधीची. त्या मालिकेत घडणीची पिढी तिसऱ्या आकड्यावरून कळते. शिवाय त्याची मेमरी बोर्डावरच डकवलेली, वाढवता येत नाही. उलट २०२१ चा रायझन ५ ५६००जी, सहा कोरचा, ग्राफिक्स आतच असलेला, आमच्या या दोन्ही कामांना आजही पुरतो.

खरेदीला आम्ही मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण सुटे भाग घ्यायला निघालेला कोणी ते म्हणत नाही. त्याआधी कार्यालयांतून निघालेल्या जुन्या मशीनचाही विचार केला होता. ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर असले डबे दणकट असतात आणि गप्प चालतात, मला ते आवडतात. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे डबे बाजारात ढिगानं आले आहेत आणि स्वस्त वाटतात. विद्यार्थ्यानं ते घेऊ नयेत. बुटक्या कॅबिनेटचे असतील तर त्यांचा पॉवर सप्लायही वेगळ्या मापाचा असतो, पुढे मोठं ग्राफिक कार्ड बसत नाही.

मॅक मिनीची गोष्ट निराळी. २०२४ चा एम ४ भारतात ५९,९०० रुपयांना आला, १६ जीबीसकट, आणि इतकं शांत यंत्र मी क्वचितच पाहिलं आहे. अक्षररचना शिकणाऱ्यांचा ग्लिफ्स हा प्रोग्राम मॅकवरच चालतो. ज्यांच्याकडे मॉनिटर आधीच आहे त्यांनी तोच घ्यावा, मी बेधडक सांगेन. या घरात मॉनिटर, साउंड कार्ड, माइक सगळंच नवं घ्यायचं होतं, म्हणून तो सोडला. लॅपटॉपही सोडला. कॉलेजात लॅब आहे, गर्दीच्या लोकलमध्ये रोज तो छातीशी धरून उभं राहण्यात अर्थ नाही, आणि त्याच पैशांत डेस्कटॉपवर पडदा मोठा मिळतो.

शेवटी आणलं ते असं: ५६००जी, १६ जीबी दोन पट्ट्यांत, ५०० जीबीची एसएसडी, रंग नीट दाखवणारा आयपीएस मॉनिटर, दोन इनपुटचं साउंड कार्ड, एक डायनॅमिक माइक आणि छोटा यूपीएस. चेण्यात पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा चालू टेक वाचवायला तो लागतोच. ग्राफिक कार्ड नाही, रंगीत दिवे नाहीत. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर बिलावर लिहून घेतला. वॉरंटी त्याच्यावर चालते. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला रीपर घेतलं, ते हलकं आहे आणि साठ दिवस सगळं उघडं वापरून बघता येतं. चित्रांसाठी क्रिटा आणि इंकस्केप, दोन्ही मोफत.

धाकट्यानं पहिलं रेकॉर्डिंग स्वतःच्या गाण्याचं केलं नाही. त्याची आजी लग्नात धवले गाते, तिला बसवून त्यानं ते घेतले. आगरी लग्नात विधी या गाण्यांवर चालतात आणि धवलारीण, म्हणजे ती गाणारी बाई, ती कागदाशिवाय गाते. तिला हेडफोन नको होते, ठोकाही नको होता. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला, पंखा बंद केला आणि तिला गाऊ दिलं. कॉम्प्युटरला त्यात काहीच कष्ट पडले नाहीत.

ज्यांच्या घरात अशी आजी आहे आणि मशीन घ्यायची ऐपत अजून नाही, त्यांनी थांबू नये. मोबाइल विमान मोडवर टाका, रेकॉर्डिंग डब्ल्यूएव्हीमध्ये करा, फोन हातात न धरता उशीवर ठेवा, आणि सुरुवातीला तिचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या. फाईलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. कॉम्प्युटर पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल.