लाल शाईच्या खाली

जामनेर तालुक्यातील वाकोद हे भवरलाल जैन यांचे गाव. १९३७ साली ते तेथे जन्मले, २०१६ साली गेले. ठिबक सिंचनाचा विषय निघाला की आमच्याकडे त्यांचे नाव निघतेच. मला मात्र त्यांच्या यशापेक्षा १९७८ सालचा एक आजारी कारखाना अधिक महत्त्वाचा वाटतो. जळगावातला केळ्याची भुकटी करणारा तो प्रकल्प. केळ्यांच्याच जिल्ह्यात केळ्याचा कारखाना चालू नये, यापेक्षा ठसठशीत अपयश कोणते? जैन यांनी तो तीस लाख रुपयांना विकत घेतला, पण भुकटीचा हट्ट धरला नाही. ती यंत्रे आणखी कशाच्या कामी येतील हे पाहिले, त्यांत फेरफार केले आणि पपईच्या चिकापासून पपेन तयार करून परदेशी पाठवायला सुरुवात केली. पपेन म्हणजे काय, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको. कबाबाच्या गोश्ताला अम्मी कच्च्या पपईचे वाटण लावते ना? ते गोश्त ज्यामुळे लवकर मऊ पडते, तेच हे द्रव्य.

म्हणजे कारखान्यातले सारेच वाया गेलेले नव्हते. यंत्रात दम होता, त्याच्याकडून मागितलेला माल चुकला होता. या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या तर अपयशाच्या जवळ जाऊन बसावे लागते. (याच उद्योगाला नव्वदच्या दशकात शेतीबाहेरच्या धंद्यांनी आणि २०१९ च्या सुमारास कर्जांनी पुन्हा चटके दिले. तेव्हा एकदा शिकलो की कायमचे शिकलो, असेही नाही.)

आमच्या पेशात जवळ जाऊन बसायला कोणी तयार नसतो. शिक्षकाचे अपयश टक्क्यांत मोजले जाते. एका शाळेच्या निकाल-बैठकीत एका ज्येष्ठ सरांना सर्वांदेखत उभे केलेले मी पाहिले आहे. मराठीत अर्धा वर्ग नापास झाला होता. का झाला, हे कोणी विचारले नाही. पुढच्या चाचणीत निकाल उत्तम लागला, कारण प्रश्न आदल्या दिवशी फळ्यावर आले होते. मुलांनीच ते हसत सांगितले. मी त्या सरांना दोष देत नाही. ज्या ठिकाणी अपयश सांगणाऱ्यालाच शिक्षा होते, तेथे माणूस अपयश लपवायला शिकतो.

कलामसाहेबांची तसबीर आपल्या बहुतेक शाळांत असते. त्यांचीच एक गोष्ट आपण मुलांना सांगतो, पण मोठ्यांना सांगत नाही. १० ऑगस्ट १९७९ रोजी एसएलव्ही-३ चे पहिले उड्डाण फसले आणि यान बंगालच्या उपसागरात पडले. प्रकल्पप्रमुख कलामसाहेब होते. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याचा इशारा दिला होता, तो बाजूला सारून उड्डाणाचा निर्णय आपण घेतला, हे त्यांनीच पुढे अनेक भाषणांत सांगितले. पत्रकारांसमोर मात्र इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन बसले आणि जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झाले तेव्हा धवन यांनी कलामसाहेबांना पुढे केले. मधल्या अकरा महिन्यांत त्या तुकडीला आपली चूक निवांतपणे तपासता आली, ती या आडोशामुळे. निकाल-बैठकीत असा आडोसा देणारा मुख्याध्यापक किती शाळांत सापडेल?

आता मराठीच्या त्या नापास वह्यांकडे येते. उर्दू माध्यमाचे मूल लिहिते, 'माझी पुस्तक'. आपण लाल शाईने खोडतो. पण त्याच्या डोक्यात 'मेरी किताब' आहे आणि किताब स्त्रीलिंगी आहे. 'माझा घर' लिहिणाऱ्याच्या मनात 'मेरा घर' असते. उर्दूत नपुंसकलिंग नाहीच, म्हणून मराठीतले प्रत्येक नपुंसकलिंगी नाम ते मूल इमानदारीने इकडे नाहीतर तिकडे बसवते. 'दिवस' चे 'दवस' आणि 'मुलगा' चा 'मलगा' होतो, तोही आळसाने नव्हे. उर्दू लिहिताना जेर-पेश सहसा गाळले जातात, वाचणारा ते समजून घेतो. मूल आपल्याकडूनही तेवढ्याच समजुतीची अपेक्षा करते.

'शाला' आणि 'फल' यांची गंमत आणखी वेगळी. उर्दूत ळ नाही हे सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या भागातल्या तावडी बोलीतही ळ चा य होतो. बाजारात केळ्यांना 'केये' म्हणतात. म्हणजे मुलाला ळ घरीही भेटत नाही आणि रस्त्यावरही भेटत नाही. तो फक्त पुस्तकात भेटतो, आणि भेटतो तो परीक्षेच्या दिवशी.

अशी तीस वह्यांतली उत्तरे एका कागदावर उतरवली की चुका तीनचारच निघतात. बाकी सगळी त्यांचीच लेकरे. बी.एड.ला आम्ही पाठाचे टाचण काढत होतो, त्यात अपेक्षित उत्तर लिहायचे असे. अनपेक्षित उत्तरासाठी जागाच नव्हती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले, २०१९ च्या दुरुस्तीने ते राज्यांवर सोपवले आणि महाराष्ट्रात पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा आली. यावर वाद पुष्कळ झाले. नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षेची संधीही आहे. पण तोवर त्याची वही कोणी कशी वाचावी, हे त्या वादात फारसे ऐकू आले नाही.

यंदा सहावीच्या वर्गात मी फळ्यावर तीन रकाने काढले : तो, ती, ते. मुली आपल्याच वह्यांतले शब्द ओरडून सांगू लागल्या आणि 'ते' चा रकाना भरत गेला. पुस्तक, घर, झाड, पाणी. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "टीचर, मुलगा तो, मुलगी ती, तर मूल ते का?" मी हा प्रश्न मराठीच्या सरांकडे नेला. ते जरा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "इतकी वर्षे शिकवतोय, मला हे कोणी विचारलेच नाही." आणि त्यांनी फळा पाहायला वर्ग गाठला.