खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मराठवाड्यात बैलांची खांदेमळणी व्हायची. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले ते खांदे आजोबा ऊन पाण्यानं शेकायचे, त्यांना तूप-हळद चोळायचे आणि बैलाच्या कानाशी वाकून उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचे. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, नवी वेसण, नवा कासरा. पुरणपोळी आधी दावणीला, मग घरच्या ताटात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायची कुणाची छाती नव्हती.

पण ते दिवस सोन्याचे होते, असं मी म्हणणार नाही. तापल्या उन्हात पराणीची टोच होती, भूल न देता बैल बडवणं होतं, नाक टोचताना फिरलेले डोळे होते. म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवणारेही होते. तरी बैल रोज नजरेसमोर असे. त्याचा रवंथ थांबला की आजीच्या जिवाला घोर लागे. खांदा सुजला की पेरणीची घाई असूनही औत सुटे. राबवून घेणाराच त्याचं दुखणं काढत होता.

आता नांगरट ट्रॅक्टर करतो. बैलाच्या मानेवरचं ओझं उतरलं, हे चांगलंच झालं. पण ओझ्याबरोबर त्याची किंमतही उतरली. लाल कंधारी आणि देवणी या आमच्या भागात कष्टासाठी जोपासलेल्या जाती; त्यांच्या जागी कितीतरी गोठ्यांत संकरित जर्सी आणि होल्स्टीन आल्या. अशा गाईला गोऱ्हा झाला की घराचा चेहरा उतरतो. वशिंड भरत नाही म्हणून जू नीट बसत नाही, ऊन सोसत नाही, आणि दूध तर तो देणारच नाही. मग त्याला आईपासून लवकर तोडतात, अर्धपोटी ठेवतात, एखाद्या रात्री परक्या शिवारात सोडून येतात. 2015 पासून राज्यात बैल आणि वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. पण त्यांना वैरण कुठून घालायची, हा प्रश्न शेतकऱ्याच्याच गळ्यात राहिला. आता फक्त कालवडी जन्माव्यात म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा मिळतात. जन्मून उपाशी मरण्यापेक्षा ते बरं, हे मला मान्य आहे. पण आधीच जन्मलेल्या गोऱ्ह्यांची सोय त्यानं होत नाही.

आणि जिथं बैल अजून राबतो तिथं काय? ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या नियमांनुसार त्याला दिवसाला 9 तासांपेक्षा जास्त जुंपता येत नाही. पारा 37 अंशांच्या वर गेला तर दुपारी 12 ते 3 अजिबात नाही. साखर कारखान्याच्या वाटेवर उसाच्या मोळ्यांनी शिगोशीग भरलेली गाडी ओढताना गुडघ्यावर आलेली जोडी ज्यानं पाहिली आहे, त्याला हे नियम कुठं दिसले असतील? गाडीवानाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. त्याची मजुरी टनावर ठरते, आणि स्वस्त साखर आपल्याला हवी असते.

दूध आणि साखर रोज घरात घेणाऱ्या आपण सगळ्यांनी या जनावरांचं देणं मान्य करायला हवं. दुधाच्या भावात गोऱ्ह्याच्या वैरणीचा वाटा धरा, असं आपल्या दूध संघाला आणि आमदाराला सांगा, आणि त्यासाठी लिटरमागे थोडे जास्त पैसे मोजायची तयारी ठेवा.